जुनं ब्राउनिंग १९२२ (.३२ बोर) घ्यावं की नवं अशनी?

केळीचा_घड (चोपडा)

मंडळी, लायसन .३२ पिस्तूल/रिव्हॉल्व्हरचं आहे, एनपीबी (प्रतिबंधित नसलेला बोर). शस्त्र अजून चढवलेलं नाही. धुळ्यात एक एफएन (बेल्जियमची कंपनी) ब्राउनिंग मॉडेल १९२२ विकायला आहे. ७.६५ एमएम, निळा रंग बराच शिल्लक, मुठीला लाकडी पट्ट्या, स्लाइडवर बारीक गरुडाचा शिक्का. सोबत दोन मॅगझिन, चामड्याची खोळ आणि काही जुने राउंड. मूळ मालक वारले, मुलगा विकतोय. पिस्तूल त्याच्या घरी कपाटातच आहे. नव्या अशनीच्या (आपलं देशी .३२ पिस्तूल) दुपटीहून जास्त सांगतो. "जर्मन फौजेचं आहे, पुन्हा मिळायचं नाही" असं त्याचं म्हणणं.

वापरायला घ्यावं का? आणि बघायला जाईन तेव्हा नेमकं काय बघू?

आबा_शिरपूर

"घरी कपाटातच आहे" इथेच थांबा. मालक वारले की लायसन संपलं. मुलाच्या नावावर लायसन नसेल तर ते पिस्तूल त्याच्याकडे असणं हाच गुन्हा आहे, विकणं दूरची गोष्ट. आर्म्स ॲक्ट १९५९ चं कलम २१ सांगतं की असं शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा लायसन असलेल्या डीलरकडे जमा करायचं. जमा केल्यावर वारसाला दोन वाटा आहेत. स्वतः लायसन काढून परत घ्यायचं, नाहीतर ज्याच्याकडे योग्य लायसन आहे त्याला विकायची परवानगी द्यायची. ठरलेल्या मुदतीत काहीच केलं नाही तर शस्त्र सरकारजमा होतं. हे त्या मुलाला आधी समजावा, त्याचंच भलं आहे.

तेव्हा क्रम असा. तो पिस्तूल, दोन्ही मॅगझिन आणि ते जुने राउंडसुद्धा जमा करेल. पावतीवर नंबर येईल. मग तुम्ही डीलरच्या काउंटरवर जाऊन बघा. त्याच्या घरी जाऊन हातात घेऊ नका. "नुसतं बघत होतो" हे उत्तर ठाण्यात चालत नाही.

मालक हयात असता तर रस्ता वेगळा होता. कलम ५ प्रमाणे विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं, घेणाऱ्याचं नाव-पत्ता द्यायचा आणि ४५ दिवस थांबायचं. बरेच जण हे ४५ दिवस विसरतात, पैसे देऊन मोकळे होतात आणि मग नोंद अडकते.

तुमचं लायसन जळगाव जिल्ह्याचं, शस्त्र धुळे जिल्ह्याच्या नोंदीतलं. म्हणजे दोन्हीकडच्या कलेक्टर कचेरीत कागद फिरणार. लायसनवर खरेदीची मुदत किती उरली ते आजच बघा, नाहीतर कागद फिरेपर्यंत तीच संपेल. आणि लायसनला यूआयएन (लायसनधारकाचा ओळख क्रमांक) असायलाच हवा.

खोडसाळ_भो

म्हणजे पहिले कागद, मंग पिस्तूल. पण आबा, इतकं जुनं झालं की ते अँटिक, त्याला लायसन लागत नाही ना?

आबा_शिरपूर

लागतं. ही अफवा दर सहा महिन्यांनी उगवते. कलम ४५ मधली सूट जुन्या घाटाच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या अशा हत्याराला आहे, जे दुरुस्त करूनही चालणार नाही. १९२२ मॉडेल आजही चालतं, त्याचा राउंड बाजारात मिळतो. वय कितीही असो, लायसन लागणारच.

आणि कोणी सातपुड्याच्या पलीकडून "तसंच दिसणारं, बिननंबरी, अर्ध्या पैशात" असं सुचवलं तर त्या माणसाचा नंबर फोनमधून काढून टाका. नंबर खोडलेलं किंवा बदललेलं शस्त्र हा कलम ८ खाली वेगळा गुन्हा आहे.

पारोळेकर

आता पिस्तुलाबद्दल. हे ब्राउनिंगच्या १९१० मॉडेलचं लांब भावंड. युगोस्लाव्हियाला लष्करासाठी मोठं पिस्तूल हवं होतं, म्हणून एफएनने नळी सुमारे ११३ मिलिमीटर केली, मूठ लांबवली आणि स्लाइडच्या तोंडाला एक टोपी जोडली. १९४० मध्ये जर्मनांनी बेल्जियम घेतल्यावर कारखाना त्यांच्या ताब्यात गेला आणि १९४४ पर्यंत तिथे ही पिस्तुलं निघत राहिली, साडेतीन लाखांहून जास्त. म्हणून "पुन्हा मिळायचं नाही" हे खरं नाही. जगात ती ढिगाने आहेत. आपल्याकडे महाग, कारण १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य लायसनधारकाला परदेशी पिस्तूल आणणं जवळपास बंद आहे. किंमत इतिहासाची नाही, टंचाईची आहे.

गरुडाच्या शिक्क्याखाली डब्ल्यूएए (जर्मन लष्करी तपासणीची खूण) आणि आकडे असतील. ६१३, १०३, १४० असे आकडे या कारखान्यावर दिसतात. ते असतील तर युद्धकाळातलं. लाकडी पट्ट्याही त्याच काळाशी जुळतात. पण युद्धाच्या शेवटाकडचं काम खडबडीत आहे, कानशीचे आणि मिलिंगचे ओरखडे तसेच ठेवलेले. युद्धापूर्वीचं तुकतुकीत १९२२ असेल तर त्याला जास्त पैसे मोजायला हरकत नाही. गरुड आहे म्हणून जास्त मोजू नका. गरुड नेम सुधारत नाही.

बोरचं एक लक्षात ठेवा. १९२२ दोन बोरमध्ये निघालं, ७.६५ आणि ९ एमएम शॉर्ट, आणि बोर बदलायला मुख्यतः नळी बदलली की काम होतं. त्यामुळे स्लाइडवर काय लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. नळीवर काय लिहिलंय ते बघा. तुमचं लायसन .३२ चं आहे. आपल्या नियमांत सर्व्हिस ९ एमएम आणि .४५ रिमलेस (रिम म्हणजे पुंगळीच्या तळाची बाहेर आलेली कड), तसंच .३८० आणि .४५५ रिमवाले राउंड ज्यात बसतात आणि सुटतात ती पिस्तुलं-रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित बोरची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्र बाळगल्यास किमान ७ वर्षं कैद आहे. म्हणून लुगर पी०८ आणि वॉल्थर पी३८ चे फोटो बघून हळहळणं सोडा. ९ एमएमची ती आपल्यासाठी फोटोतच बरी.

केळीचा_घड

आबा, तुमचं पटलं. मुलाला सांगितलं, तो डीलरकडे जमा करायला तयार आहे. आता काउंटरवर काय बघू ते कोणी क्रमाने सांगा.

भुसावळ_जंक्शन

क्रमाने सांगतो. खिशात छोटी टॉर्च, भिंग आणि एक बारीक पेन्सिल ठेवा.

सगळ्यात आधी रिकामं करणं. मॅगझिनचा खटका मुठीच्या तळाशी मागे आहे, अंगठ्याने मागे ओढून मॅगझिन काढा. मग स्लाइड मागे खेचून चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची राउंड बसायची जागा) डोळ्याने बघा आणि करंगळीने चाचपा. या पिस्तुलाला राउंड संपल्यावर स्लाइड उघडी धरणारा खटका नाही, मॅगझिन काढलं की ती सरळ बंद होते. उघडी ठेवायची तर अंगठ्याची सेफ्टी स्लाइडच्या खाचेत बसवावी लागते.

नंबर. फ्रेमवर, स्लाइडवर आणि पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीतून दिसणाऱ्या नळीवर. तिन्ही एक हवेत. पावतीवरचा आणि जुन्या लायसनवरचा नंबर फ्रेमच्या नंबराशी अक्षर-अक्षर जुळवा. जुन्या लायसनांत हाताने लिहिताना ३ चा ८ आणि १ चा ७ झालेला सापडतो. तो आत्ता सापडला तर एक अर्ज करून सुटेल, नोंदीनंतर सापडला तर वर्ष जाईल.

रंग. अक्षरांच्या कडा बोथट, छिद्रांच्या कडा बशीसारख्या खोलगट, सपाट बाजूंवर लाटा, म्हणजे घासून पुन्हा ब्लू केलंय (निळा थर चढवलाय). चालायला त्याने फरक पडत नाही, किमतीला पडतो. मात्र ब्लू केलेल्या थराखाली गंजाचे खड्डे असतील तर का घासलं ते कळतं.

नळी. मागून पांढरा कागद धरून पुढून टॉर्च मारा. सहा खाचा, उजवीकडे पीळ. कडा धारदार दिसल्या पाहिजेत. काळे ठिपके म्हणजे खड्डे. जुन्या लष्करी राउंडांच्या कॅपमध्ये (तळाच्या पेटत्या टोपीत) पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते जळून मिठासारखा क्षार नळीत राहतो आणि हवेतली ओल ओढतो. जुन्या मालकाने फक्त तेल लावलं असेल तर क्षार तसाच राहतो. तो तेलात विरघळत नाही, गरम पाण्यातच जातो. थोडे खड्डे चालतील, खाचांच्या कडाच नाहीशा झालेल्या चालणार नाहीत. आत कुठे गोल सावलीची अंगठी दिसली तर नळी फुगलेली आहे. अडकलेल्या गोळीमागे दुसरी सुटली की असं होतं. तिथून सरळ घरी या.

आता सेफ्ट्या, तीन आहेत, आणि चौथा डिस्कनेक्टर (एका ओढीत एकच राउंड सुटू देणारा भाग). चाचणी रिकाम्या पिस्तुलावर, नळी सुरक्षित दिशेला, डीलरला विचारून.

मूठ-सेफ्टी: रिकामं मॅगझिन आत, कॉक करा, मुठीमागची पट्टी न दाबता चाप ओढा. सुटायला नको.
मॅगझिन-सेफ्टी: मॅगझिन काढून पट्टी दाबून चाप ओढा. सुटायला नको. सुटलं तर कोणीतरी ती काढून टाकली आहे.
अंगठ्याची: लावून चाप ओढा, मग चाप सोडून सेफ्टी काढा. काढताना आपोआप सुटलं तर सिअर (चाप ओढेपर्यंत स्ट्रायकर अडवून धरणारा भाग) झिजलं आहे.
डिस्कनेक्टर: चाप ओढून धरून ठेवा, स्लाइड मागे खेचून सोडा. सुटायला नको. चाप सोडला की बारीक टक आवाज, पुन्हा ओढला की सुटेल. इथे चूक निघाली तर एका ओढीत दोन राउंड जाऊ शकतात.

स्ट्रायकरचा (कॅपवर आपटणाऱ्या सुईचा) जोर बघायला पेन्सिल, रबराची बाजू आत. सहाकोनी जाड पेन्सिल या नळीत अडकते, सैल बसेल अशीच घ्या. मॅगझिन आत ठेवून, नळी वर करून चाप ओढला की पेन्सिल उडून बाहेर पडली पाहिजे. नुसती हलली तर स्ट्रायकरची स्प्रिंग थकलेली किंवा आत वाळलेलं ग्रीस. एकदाच करा. जुना स्ट्रायकर कोरडा पुन्हा पुन्हा मारला की टोक तुटतं.

शेवटी एक्स्ट्रॅक्टरचा (पुंगळी ओढून काढणाऱ्या भागाचा) नखा भिंगाने बघा, टवका गेलेला नको. मॅगझिनच्या ओठांवर चीर किंवा पक्कडीच्या खुणा नकोत. .३२ चं मॅगझिन ९ राउंडचं. डीलरकडच्या डमी राउंडांनी पूर्ण भरून बघा, स्प्रिंग शेवटच्या दोनला साथ देते का.

तापीकाठ

भुसावळभाऊंनी उघडायचं नाही सांगितलं, मी सांगतो, कारण खरी झीज आत दिसते. स्लाइडच्या पुढच्या टोपीचा खटका खाली आहे. तो दाबून टोपी आत रेटायची आणि फिरवायची. टोपीमागे रिकॉइल स्प्रिंग ताणलेली आहे, तळहात समोर घट्ट ठेवला नाही तर टोपी आणि स्प्रिंग दुकानाच्या दुसऱ्या टोकाला सापडतात. मग स्लाइड मागे नेऊन सेफ्टी खाचेत बसवायची, नळी फिरवून तिचे दात फ्रेममधून सोडवायचे आणि नळीसह स्लाइड पुढे काढायची. येत नसेल तर डीलरकडून करून घ्या.

आत काय बघाल? रिकॉइल स्प्रिंग नळीभोवती असते. वाकडी, चपटी, एका बाजूला घासलेली असेल तर ती बदलायची आहे. थकल्या स्प्रिंगवर चालवलेल्या पिस्तुलात स्लाइड फ्रेमवर आपटते, आपटायच्या जागी धातू चेपलेला चमकतो, पुढे तडा जातो. नळीच्या दातांच्या कडा आणि फ्रेममधल्या त्यांच्या खाचा भिंगाखाली बघा. मुठीच्या आतली पातळ पट्टी-स्प्रिंग मूठ-सेफ्टी आणि सिअरचं काम करते, तिच्या बोटांवर गंज नको.

आता अडचण. स्प्रिंग परदेशी संकेतस्थळावर मिळते म्हणून कोणी मागवू नका. कायद्यात "आर्म्स" मध्ये सुटे भागही येतात, आयातीला लायसन लागतं. कस्टम्समध्ये पार्सल उघडलं की एका स्प्रिंगसाठी वकील करावा लागेल. दुरुस्तीचं लायसन असलेल्या कारागिराकडून स्प्रिंग गुंडाळून घेता येते. नळी, स्ट्रायकर, एक्स्ट्रॅक्टर इथे मिळणं कठीण. म्हणून जुन्या परदेशी पिस्तुलात ज्या गोष्टी बदलता येत नाहीत त्याच आधी तपासायच्या, स्प्रिंग शेवटी.

केळीचा_घड

राउंडांचं काय? वरणगाव तर हाकेच्या अंतरावर आहे.

भुसावळ_जंक्शन

वरणगावला फौजेचे राउंड बनतात, गेटवर जाऊन वाटीभर साखर मागितल्यासारखं मिळत नाहीत 🙂 लायसनवर लिहिलेल्या संख्येइतके, डीलरकडून, लायसनवर नोंद करून.

दुकानात "बत्तीसचे द्या" म्हणू नका, "बत्तीस पिस्तूलचे" म्हणा. .३२ एसीपी हा ७.६५ बाय १७, रिम अर्धवट. रिव्हॉल्व्हरचा .३२ एस अँड डब्ल्यू लाँग हा बाय २३, पूर्ण रिमचा. तो पिस्तुलात जात नाही, पण उलटं, पिस्तूलचा राउंड रिव्हॉल्व्हरमध्ये बसतो, आणि तो मारायचा नाही.

अर्धवट रिममुळे एक खोड आहे. वरच्या राउंडची रिम खालच्याच्या रिममागे सरकली तर दोन्ही अडकतात, तिथे चाप ओढून किंवा स्लाइड खेचून सुटका नाही, मॅगझिन काढून उपसावं लागतं. लांबीने तोकडे पोकळ-टोकी राउंड असतील तर हे जास्त होतं, म्हणून पूर्ण धातूच्या गोलटोकी राउंडावरच चालवा. भरताना प्रत्येक राउंडची रिम खालच्याच्या पुढे आहे ना बघत भरा. सोबत आलेले जुने राउंड मारू नका. किती साल, कुठल्या कॅपचे, माहीत नाही. डीलरकडेच राहू द्या.

सोनगीर_नाका

सगळे १९२२ च्याच मागे. .३२ मध्येच जुनं हवं असेल तर वॉल्थर पीपी बघा ना. १९२९ चं डिझाइन, डबल ॲक्शन (चाप ओढला की हॅमर आपोआप मागे जाऊन सुटतो), ८ राउंड, चेंबर भरलंय का ते मागची पिन सांगते. कोल्ट १९०३ सुद्धा दिसतं, हॅमर आत झाकलेला, मूठ-सेफ्टी. ते अमेरिकन जनरलांना देत असत.

पारोळेकर

पीपी वापरायला सर्वांत सोपं, हे मान्य. पण त्यात सेफ्टी खाली केली की हॅमर पडतो, आणि जुन्या झिजलेल्या पीपीत भरल्या चेंबरवर ती सवय वाईट. चेंबर रिकामं करूनच हॅमर उतरवा. पीपी घेताना ते झेला-मेहलिसच्या मूळ जर्मन कारखान्याचं आहे की युद्धानंतरचं फ्रान्सच्या मानुऱ्हीनचं ते बघा. वापरायला मला मानुऱ्हीनच बरं वाटतं, नावाचे पैसे कमी. सीझेड २७ कोणी "जर्मन" म्हणून विकत असेल तर त्यावर एफएनएच लिहिलेलं असेल. ते चेक कारखान्याचं, जर्मन ताब्यातलं. मजबूत आहे, फक्त मूठ चपटी.

१९२२ ची उणीव स्पष्ट सांगतो. स्ट्रायकरला स्वतंत्र अडसर नाही, कॉक केलेला स्ट्रायकर फक्त सिअरने धरलेला. झिजलेल्या सिअरवर पिस्तूल पडलं तर सुटू शकतं. भरल्या चेंबरने कमरेला लावू नका. ज्यांना तसंच बाळगायचंय त्यांनी हे घेऊच नये, एवढं सरळ.

आबा_शिरपूर

नव्या-जुन्याच्या हिशेबात एक आकडा टाका. २२ सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. तो धरूनही अशनीच स्वस्त. ते ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं, बिघडलं तर भाग देशातच. आणि २०१९ नंतर एका लायसनधारकाला दोनच शस्त्रं. तुमच्या दोन जागांपैकी एक कपाटातल्या शोभेला द्यायची का, याचा विचार तुम्ही करा.

आणखी एक खान्देशी गोष्ट. निवडणुकीत जमा करायचा हुकूम आला तर पिस्तूल दोन-दोन महिने मालखान्यात राहतं. चामड्याच्या खोळीत कधीच जमा करू नका. चामडं कमावतानाची आम्लं आणि क्षार ओल धरतात, पावसाळ्यात खोळीच्या आकाराचा गंज छापून येतो. पातळ तेलाचा हात, तेलकट सुती कापड, वर प्लास्टिक. पावतीवर नंबर, बोर आणि मॅगझिनची संख्या लिहून घ्या, दोन मॅगझिन दिलीत तर दोन. उन्हाळ्यात ४५ च्या वर पारा गेला की जाड ग्रीस वितळून खाली मुठीत जमतं आणि धूळ धरतं. आपल्याकडे पातळ तेल, तेही थेंबभर.

केळीचा_घड

काल जमा झालं, डीलरने फोटो पाठवले. फ्रेम आणि स्लाइडचा नंबर एक आहे. नळीचा वेगळा. नळीवर ७.६५ स्पष्ट लिहिलंय. बाकी सेफ्ट्या चालतात असं डीलर म्हणतो. मुलगा किंमत उतरवायला तयार आहे.

तापीकाठ

नळी वेगळी म्हणजे संग्राहकाचा भाव संपला, हे त्याला स्पष्ट सांगा. कागदावर फ्रेमचा नंबर चालतो, त्यामुळे नोंदीला अडचण नसावी, तरी पावतीत "नळीचा नंबर अमुक" असं लिहून घ्या, उद्या तुम्हीच बदलली असं कोणी म्हणायला नको.

वापराच्या बाजूने प्रश्न एवढाच की बदललेली नळी नीट बसली आहे का. स्लाइड बंद असताना राउंडमागे फट जास्त असेल तर पुंगळी मागे फुगते. डीलरला त्याच्या परवानगीच्या जागी नवे दोन राउंड मारायला सांगा, एका वेळी एकच भरून. रिकाम्या पुंगळ्या बघा. तळाजवळ फुगवटा, लांबीने चीर, कॅप उलटून बाहेर आलेली, कॅपवरची खूण मधोमध नसून एका कडेला, यातलं एकही दिसलं तर किंमत कितीही उतरो, घेऊ नका.

केळीचा_घड

शनिवारी जातो. पुंगळ्यांचे फोटो इथेच टाकतो.

खोडसाळ_भो

टाका भो. नाही घेतलं तर पेन्सिल तरी परत आणा.